तलावाकाठी बसून समुद्राच्या नोंदी

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावात पाणी म्हणजे मामा तलाव, म्हणजे जुना मालगुजारी तलाव. समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो तेविसाव्या वर्षी, आणि तोवर त्यातल्या माशांच्या काही हजार नोंदी माझ्या हातून गेल्या होत्या. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. होऊन 'आता पुढं काय' म्हणत घरी बसलेल्या आपल्याकडच्या पोरापोरींसाठी, अशा नोंदी तपासून एका साच्यात बसवायच्या या कामाबद्दल हे लिहितेय.

समुद्रात काय सापडलं, ते जो तो आपापल्या रीतीनं लिहून ठेवतो. बांगडाच घ्या. केरळात तो अयला, आणि तेलुगू किनाऱ्यावरचं कानागुर्ता तर थेट शास्त्रीय नावात जाऊन बसलंय: रास्ट्रेलिगर कानागुर्ता. तिघांच्या वह्या एकत्र केल्या की संगणकाला तीन मासे दिसतात. म्हणून 'वर्म्स' या सागरी जीवांच्या जागतिक सूचीत नाव तपासून तिथला क्रमांक लावायचा, तारीख नि ठिकाण 'डार्विन कोअर' या जीवांच्या नोंदींसाठीच्या सामाईक साच्याच्या ठरलेल्या रकान्यांत भरायचं. मग तो डेटा कोचीच्या 'इंडोबिस' या भारतीय केंद्रामार्फत 'ओबिस' या सागरी जीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्यात जाऊ शकतो. ओबिस २००९ पासून युनेस्कोच्या समुद्रविज्ञान आयोगाखाली चालतं. डेटा ज्यांचा, त्यांचं नाव आणि परवाना मात्र आधी विचारून घ्या. लोक विश्वासानं वह्या देतात.

सुरुवातीला माझ्याकडून अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली. रत्नागिरीसमोरचं १७ उत्तर, ७३ पूर्व हे ठिकाण ७३ उत्तर, १७ पूर्व झालं, म्हणजे नॉर्वेच्याही उत्तरेला. बिंदू जमिनीवर पडला असता तर तपासणीत लगेच सापडला असता; तो पडला भर समुद्रात, म्हणून सुटला. आता प्रत्येक फाइल नकाशावर टाकून स्वतःच्या डोळ्यांनी बघते.

तारखांचं तसंच. '३/४/१२' म्हणजे ३ एप्रिल की ४ मार्च? लिहिणाऱ्याला विचारा. उत्तर मिळालं नाही तर नुसतं २०१२ ठेवा आणि मूळ मजकूर जसाच्या तसा वेगळ्या रकान्यात घाला. अंदाजानं भरलेला महिना पुढं कोणालाच ओळखू येत नाही, म्हणून मला तो कोऱ्या जागेपेक्षा वाईट वाटतो.

हे काम शिकायला 'ओशनटीचर ग्लोबल अकॅडमी'चे ऑनलाइन कोर्स आहेत. इंग्रजीला घाबरू नका. रकान्यांची नावं आठवडाभरात तोंडपाठ होतात. एक्सेल नीट येऊ द्या, मग 'आर' ही डेटा हाताळायची संगणक-भाषा शिका.

माझे बाबा मच्छीमार सोसायटीत आहेत. त्यांच्या वहीत एक ओळ आहे: '१४ जुलै, मोठं जाळं, चार घंटे, मरळ नाही.' मी कितीदा ती वही चाळली असेल, पण अशा ओळी सोडून द्यायची. डार्विन कोअरमध्ये 'आढळलं नाही' हेही नोंदवता येतं, आणि कोणतं जाळं, किती वेळ, हे सोबत असेल तर त्या 'नाही'ला किंमत येते. बाबांनी ते कुणी न सांगता लिहून ठेवलंय. तलावाचा डेटा ओबिसचा नाही, तो 'जीबिफ'कडे, म्हणजे सगळ्याच जीवांच्या नोंदींच्या जागतिक साठ्याकडे जाईल. रोज रात्री जेवणं झाली की बाबा वाचून दाखवतात आणि मी टाइप करते. सध्या २००९ चा पावसाळा सुरू आहे.