पॅनल ठोकायला बसायच्या आधी काय काय हाताशी हवं

घरच्या स्टुडिओसाठी कापडाची अकूस्टिक पॅनल बनवायची असतील तर पहिलं काम आरशाचं, खरेदी नंतर. मिक्सिंगला बसता त्या खुर्चीत बसा, कुणालातरी बाजूच्या भिंतीवर आरसा धरून हळूहळू सरकवायला सांगा, आरशात स्पीकर दिसला की तिथं पेन्सिलने फुली (आवाज भिंतीवर आपटून तिथूनच कानाकडं येतो, म्हणून पॅनल तिथं), मग दुसरी भिंत, जमलं तर छत पण. फुल्या किती त्यावर पॅनल किती आणि पॅनल किती त्यावर कापड किती. मी उलटं केलं, एका पॅनलचं कापड कमी पडलं आणि परत गेलो तर त्या रंगाचा तागा संपलेला. आणि शेजारच्या यंत्रमागांची खटखट ह्याने थांबेल अशी आशा ठेवू नका, पॅनल खोलीतला घुमारा मारतं, भिंतीतून येणारा आवाज नाही.

आत रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंचा दाबून केलेला स्लॅब, 48 किंवा 60 डेन्सिटीचा (घनमीटरला तेवढे किलो), जाडी किमान 50 एमएम. 100 हर्ट्झची लाट जवळपास 3.4 मीटर लांब असते, तिच्यापुढं पातळ फोम काय करणार, म्हणून कोपऱ्यांना 100 एमएम घ्या आणि बाकीच्या पॅनलमागं 2 इंच मोकळी जागा राहील असे लाकडी ठोकळे आधीच कापून ठेवा.

रॉकवूलचा स्लॅब घरात आल्याशिवाय फ्रेमसाठी सुताराकडं जायचं नाही, हे खरंच मनावर घ्या. आपण तोंडाने दोन बाय चार म्हणतो पण स्लॅब असतो 600 बाय 1200 एमएमचा, आणि दोन बाय चार फूट म्हणजे 610 बाय 1220, तेवढ्या फरकात स्लॅब आत सैल बसतो आणि थोड्या दिवसांत खाली सरकून वरच्या कडेला कापड पोकळ दिसायला लागतं. वखारीतून पाइनच्या पट्ट्या घेताना एकेक डोळ्यासमोर धरून बाक बघा, फ्रेम झाली की गुण्या लावा आणि दोन्ही तिरपी मापं सारखी येतात का बघा, बाहेरच्या कडांवर पॉलिश पेपर फिरवा, नाहीतर कापडाखालून प्रत्येक धार दिसते.

कापडासाठी सोलापुरातल्या चाटी गल्लीत, कापडबाजारात, गेलात की सोलापुरी चादरच लावा असं कुणीतरी सांगणारच, मलाही मोह झाला होता. आवाजाला ती चालते, पण कोपऱ्यात दुमडली की गोळा होतो आणि नक्षीची ओळ बोटभर जरी वाकडी गेली तरी रोज डोळ्यात खुपते, त्यामुळं पहिल्यांदा करताय तर साधं एकरंगी कॉटन घ्या. दुकानातच तोंडाला लावून फुंकर मारा, पलीकडं हाताला लागली पाहिजे. 18 एमएमची पट्टी आणि 2 इंच खोलीच्या फ्रेमला साधारण 85 बाय 145 सेंटीमीटर तुकडा लागतो, 44 इंची पन्ह्यात एका पॅनलला दीड मीटर धरा, वर थोडं जास्तच, कारण कॉटन आटतं. म्हणून कापायच्या आधी पूर्ण कापड धुवायचं, सावलीत वाळवायचं (एप्रिलच्या उन्हात गडद रंग उडतो), इस्त्री करायची आणि मगच कात्री.

रॉकवूल कापताना पूर्ण बाह्यांचा शर्ट, हातमोजे, मास्क, चष्मा. पंखा बंद ठेवावा लागतो आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात घामावर ते तंतू चिकटले की रात्रभर खाजतं, तेव्हा सकाळी सातलाच बसा. स्लॅबला आधी पातळ नॉनवोव्हनचा (न विणलेल्या कापडाचा) थर गुंडाळा, तंतू बाहेर येत नाहीत.

मग स्टेपल गन, 10 एमएमच्या पिना, चुकलेली पिन उपसायला बारीक स्क्रूड्रायव्हर आणि पक्कड. पिना लांब बाजूच्या मध्यापासून, लगेच समोरच्या बाजूच्या मध्यावर, मग आखूड बाजू, तसंच कोपऱ्यांकडं जायचं, कोपरे सगळ्यात शेवटी, आणि उरलेल्या चिंधीवर कोपऱ्याची घडी चार वेळा घालून हात बसला की मगच खऱ्या कापडाला हात लावा. भिंतीत ड्रिल मारायच्या आधी स्विचबोर्डापासून वायर कुठून गेलीय ते तेवढं वायरमनला विचारून घ्या.