लिफ्टशेजारची नोटीस आणि अज्ञानाचा पडदा

आमच्या परळच्या इमारतीत लिफ्टशेजारी नोटीस आहे : 'घरकामगारांनी फक्त सर्व्हिस लिफ्ट वापरावी.' तत्त्वज्ञान कुठून सुरू करू, असं कोणी विचारलं की मी अशाच नोटिशीकडे बोट दाखवते. प्लेटोपासून ओळीने वाचायची गरज नाही. एक कल्पना घ्या आणि एकाच निर्णयाला लावून बघा.

मी रॉल्सची घेते. जॉन रॉल्स या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९७१ साली आपल्या ग्रंथात ती सविस्तर मांडली. समाजाचे नियम ठरवताना त्या समाजात आपण कोण असणार, गरीब की श्रीमंत, धडधाकट की आजारी, हे आपल्याला ठाऊकच नाही असं धरायचं. हा 'अज्ञानाचा पडदा'. त्याच्याआड बसून कोणता नियम मान्य कराल?

कागदावर नियम एका वाक्यात लिहा. मग त्याची झळ ज्यांना बसते त्यांच्या चिठ्ठ्या करा : चौदाव्या मजल्यावरचे मालक, भाडेकरू, गुडघेदुखीने बेजार आजी, वॉचमन, पाच घरच्या पोळ्या लाटणारी बाई. डोळे मिटून एक उचला आणि त्या जागेवरून बोला. पोळ्यावाल्या बाईची चिठ्ठी आली की पहिला प्रश्न हाच पडतो : सर्व्हिस लिफ्ट बंद असेल त्या दिवशी चौदा मजले चढायचे का? कमिटीच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न निघतच नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ला बाबासाहेबांनी संविधान सभेत बजावलं होतं : राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण पाऊल टाकतो आहोत. मतदानाच्या रांगेत मालकीणबाई आणि पोळ्यावाली, दोघींच्या मताचं मोल सारखंच. लिफ्टपाशी मात्र वाटा वेगळ्या.

सरकारी योजनांनाही हेच लावा. २०२४ साली सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. योजना कोणत्या पक्षाची हे क्षणभर झाका. स्वतःची कमाई नसलेली बाई, कागदपत्रांपाशी अडलेली बाई, कर भरणारा नोकरदार, अशा चिठ्ठ्या काढा. आपल्या पक्षाची म्हणून छान आणि दुसऱ्याची म्हणून रेवडी, असं मग सहजासहजी म्हणवत नाही.

पण चिठ्ठीवर भागवू नका. मनातली पोळ्यावाली शेवटी आपल्याच तोंडाने बोलते. खरीला विचारा, तेही तिच्या सवडीने, कामाच्या घाईत नव्हे. ती सांगेल ते तिच्याच शब्दांत टिपून घ्या आणि पुढच्या मीटिंगला तो कागद सोबत न्या.