कागद-सेलोटेपचा टॉवर करताय? आधी त्रिकोण पक्का करा

आमच्या पोरीला सहावीत कागद आणि सेलोटेपचा टॉवर करायचा होता, अडीच फूट उंच, वर कंपासपेटी ठेवली तरी उभा राहिला पाहिजे असा. पहिला आम्ही चार पायांचा केला, चौकोनावर चौकोन, दिसायला लई भारी, पण पेटी ठेवली आणि सगळा हळूहळू पिळा पडत एका अंगाला बसला. बघतोय तर एकपण नळी मोडली नव्हती, नुसते चौकोन तिरके झालेले. सेलोटेपचे कोपरे बिजागरीगत फिरतात हो. त्रिकोणाचं तसं होत नाही, बाजूची लांबी बदलल्याशिवाय त्याचा आकार हलतच नाही.

म्हणून तीनच पाय करा. तीन पाय खालीवर फरशीवरपण डुगडुगत नाहीत.

आता नळ्या, यात घाई करू नका. झेरॉक्सचा साधा ए-फोर कागद घ्यायचा, लांब कडेला स्केचपेन ठेवून घट्ट गुंडाळायचा, कड चिकटवली की पेन ओढून काढायचं. साधारण ३० सेंमीची नळी होते आणि सहा-साडेसहा वेढे बसतात. लाटण्याएवढी जाड केलीसा तर दोनच वेढे पडतात आणि बोटानं दाबली तरी चेपते, विणायच्या सुईएवढी बारीक केली तर मधेच वाकते. स्केचपेनची जाडी बरोबर पडते.

एका पायाला तीन नळ्या, एकीचं तोंड थोडं आवळून दुसरीत ३ सेंमी आत सरकवायचं मग वरनं टेप. नुसतं तोंडाला तोंड लावून चिकटवू नका, तिथंच मोडतंय. पायथ्याचा त्रिकोण ३० सेंमीचा, त्याच्यावर २३, मग १७ आणि टोकाला १० चा. मधले त्रिकोण बरोबर पायाच्या जोडावर आले पाहिजेत, कारण नळीची मोकळी लांबी निम्मी झाली की वाकायला चौपट जोर लागतो. १७ ची आणि १० ची बाजू एकाच नळीतनं कापून निघते, त्यामुळं सगळ्या मिळून १८ नळ्या होतात.

पण तिन्ही अंगांना चौकोन राहिलेच की. तिथं फुली मारायची, दीड सेंमी रुंद कागदी पट्ट्यांची (एका कागदाची लांबी पुरत नाही, दोन जोडून घ्या). जोतिबाच्या चैत्र यात्रेत सासनकाठी बघितलीय ना, एवढा उंच बांबू, आतनं पोकळ, आणि चारी बाजूंनी तोरण्या म्हणजे दोऱ्या ओढून धरलेल्या असतात म्हणून तो तोलात राहतो, या पट्ट्या म्हणजे आपल्या टॉवरच्या तोरण्याच. पट्टी ओढ सोसते पण दाबली की फुगते, त्यामुळं एकच तिरकी लावून भागत नाही, टॉवर डावीकडं गेला तर एक ताणते, उजवीकडं गेला तर दुसरी. आणि ताठ लावा, सैल पट्टी लावली काय न लावली काय सारखंच.

टेपचे चार-चार सेंमीचे तुकडे आधीच फाडून टेबलाच्या कडेला लावून ठेवा, एका हातानं नळी धरून दुसऱ्यानं टेपचं टोक शोधत बसलं की जोड वाकडा होतोच.

झाल्यावर टॉवर पाटावर ठेवायचा आणि पाट एका बाजूनं सावकाश उचलायचा. टॉवर कलताना जी पट्टी ताणायला पाहिजे ती कुठं ढिलीच राहते ते पोराला बघायला सांगा, तेवढीच सोडवून ताणून परत लावायची. आमच्या दुसऱ्या टॉवरची मधल्या मजल्याची एक पट्टी अशीच सापडली, ती ताणल्यावर कंपासपेटी ठेवून फॅन चालू केला तरी हलला नाही, पोरीनं तर वर अजून भूगोलाचं पुस्तक ठेवलं.

जुलै-ऑगस्टात करत असाल तर नळ्या रात्री प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवा, आपल्याकडच्या पावसात कागद सकाळपर्यंत मऊ पडतो. आणि गाडीवरनं न्यायचा असेल तर वरचा मजला सुटा ठेवा आणि थोडा टेप दप्तरात द्या, शाळेत गेल्यावर पोरं जोडतात.