आधी पावलं मोजा, मग ताल लावा

आईला पार्किन्सन्स, म्हणजे कंपवात, होऊन सहा वर्षं झाली. गाण्यानं तो बरा झालेला नाही, होणारही नाही. गोळ्या घड्याळ लावून चालूच आहेत. पण दारापाशी खिळणारं तिचं पाऊल तालावर सुटतं आणि रात्री डोळा जरा लवकर लागतो. त्यासाठी मी काय करते, ते सांगते.

पहिल्या दिवशी मी घोळच घातला. फोनवरच्या मेट्रोनोमवर, म्हणजे ठरावीक वेगानं ठोके देणाऱ्या ॲपवर, सरळ मिनिटाला 110 ठोके लावले. ठोका गाठायच्या नादात आईची पावलं आखूड आणि घाईची होत गेली, ती पुढे झुकली आणि तोल गेला. मी हाताशी होते म्हणून वाचली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मलाच झापलं. "ताल तिच्या चालीवर बेतायचा, तिला तालामागे पळवायचं नाही."

म्हणून आधी काहीही न लावता नेहमीसारखं चालायला सांगा. तीस सेकंदांतली पावलं मोजा, दुप्पट करा. आईची 88 भरली. तेवढेच ठोके लावायचे. ते अंगवळणी पडल्यावर पाच-दहा टक्क्यांनी वाढवायचे, तेही फिजिओथेरपिस्टना विचारूनच. पावलं आखूड व्हायला लागली की लगेच खाली यायचं. गोळीचा असर चढलेला असतानाच सराव घ्या. वाटेतलं पायपुसणं उचला आणि स्वतः अर्धं पाऊल मागे, बाजूला चाला.

या आजारात मेंदूचं आतलं ठेका धरण्याचं काम बिघडतं; बाहेरचा ठोका त्याला आधार देतो. 1996 साली संशोधक मायकेल थॉट आणि सहकाऱ्यांनी तीन आठवडे असा सराव करून घेतला, तेव्हा रुग्णांचा चालण्याचा वेग आणि पावलाची लांबी दोन्ही वाढली होती.

दारात पाय चिकटला तर ओढू नका, "चल, चल" तर मुळीच म्हणू नका. थांबायचं. चार ठोके जाऊ द्यायचे, तेवढ्यात वजन डाव्या-उजव्या पायावर झुलवायचं आणि पुढच्या ठोक्याला मोठं पाऊल टाकायचं.

रात्रीचं गणित वेगळं. संध्याकाळी आई चिडचिडी असते. तेव्हा एकदम संथ बासरी लावली, तर "बंद कर ते रडगाणं" ऐकून घ्यावं लागतं. माणूस ज्या मनःस्थितीत आहे तिथून सुरुवात करायची. पहिलं गाणं तिच्या आवडीचं, चांगलं ठेक्याचं. दुसरं जरा सावकाश. तिसऱ्यापासून शब्द नाहीत, नुसतं वाद्य, मिनिटाला साठेक ठोक्यांचं. अर्ध्या तासाचा टायमर लावायचा, नाहीतर मध्येच जाहिरात किंचाळते आणि सगळं मुसळ केरात. हेडफोन नको; स्पीकर खोलीच्या दुसऱ्या टोकाला आणि आवाज इतका बारीक की हळू बोललेलंही ऐकू यावं.

निवड तिचीच. एका जुन्या गाण्याला ती हमसून रडली आणि रात्रभर जागी राहिली. ते मी यादीतून काढलं. तुम्हाला शांत वाटतं ते दुसऱ्याला जड जाऊ शकतं, हे मला तेव्हा कळलं.

432 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 432 कंपनांच्या सुरावर जुळवलेल्या, 'पेशी दुरुस्त करणाऱ्या' संगीताच्या क्लिपा मलाही रोज येतात. 440 हा वाद्यं जुळवायचा ठरवून घेतलेला सूर आहे. त्यात आठ कमी केल्यानं आजार पळतो याला पुरावा नाही. ऐकायला आवडत असेल तर खुशाल ऐका, गोळी मात्र चुकवू नका. कानात सतत आवाज येत असेल किंवा फिट येत असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. क्वचित काहींना संगीतानंच फिट येते.

हल्ली दारापाशी फोनवरच्या ठोक्यांची गरज लागत नाही. आई स्वतःच पुटपुटते, एक, दोन, तीन... आणि चारला मला म्हणते, "सरक."