लहान मुलांच्या शुश्रूषेत खेळाचा वापर करताना या चुका टाळा

सलाईनची सुई लावण्याची वेळ आली, मूल रडू लागले आणि मग कुणीतरी धावत जाऊन खुळखुळा आणला, हे दृश्य नागपुरातल्या मुलांच्या वॉर्डांत अनेकदा दिसते. त्या क्षणी खुळखुळ्याचा उपयोग बहुधा होत नाही, आणि खेळात वेळ फुकट जातो असा समज मात्र पक्का होतो. भेदरलेले मूल नवा खेळ सुरू करू शकत नाही, पण आधीपासून रंगलेला खेळ ते पुढे चालू ठेवू शकते. त्यामुळे मूल दाखल झाल्यावर, हातात ट्रे नसताना, पाच-दहा मिनिटे त्याच्याजवळ बसून खेळणे हेसुद्धा परिचारिकेचे कामच आहे.

दुसरी चूक खोटे बोलण्याची. “बाबू, काही नाही दुखणार,” असे आई म्हणते, आपणही मान डोलावतो, आणि त्यानंतर ते मूल साध्या थर्मामीटरलाही हात लावू देत नाही. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला आपले आजारपण ही शिक्षा वाटू शकते. म्हणून “रडलास तर सिस्टर टोचतील” हे वाक्य नातेवाइकांनाही प्रेमाने थांबवायला सांगावे. त्याऐवजी बाहुलीच्या हाताला पट्टी बांधून, सुई काढलेली सिरिंज मुलाच्या हाती देऊन, काय होणार आहे आणि किती वेळ टोचेल हे खरे सांगावे. ही बाहुली वॉर्डातली असावी, मुलाची लाडकी नसावी, कारण ती त्याची एकमेव सुरक्षित सोबतीण असते. मूल बाहुलीला पुन्हा पुन्हा जोरात टोचू लागले तर पुष्कळ जण त्याला रागावतात. कृपया रागावू नका. जे त्याच्यावर घडले ते आता त्याच्या हातून घडते आहे, आणि त्यातूनच त्याची भीती बाहेर पडते.

खेळतो आहे म्हणजे दुखत नाही, हा गैरसमज विदर्भात विशेष महागात पडू शकतो, कारण येथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले मोठ्या संख्येने येतात आणि तीव्र वेदनेतही एखादे मूल गाडी फिरवत राहते. चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजूत घातल्यावर शांत होणे या पाच गोष्टी पाहून वेदनेला एकूण 0 ते 10 गुण द्यावेत; खेळ वेदनाशामकाची जागा घेऊ शकत नाही. या मुलांना थंडी आणि शरीरातील पाण्याची कमतरता बाधते, म्हणून नागपूरच्या डिसेंबरात थंड पाण्याचे खेळ नकोत. पिण्यास मनाई नसेल तर भातुकलीच्या कपाने घोट घोट पाणी पाजण्याचा खेळ मात्र जरूर खेळावा. छाती दुखते म्हणून मूल उथळ श्वास घेत असेल तर भिरभिरे फिरवायला किंवा साबणाचे फुगे उडवायला द्यावे, म्हणजे दीर्घ श्वास आपोआप घेतला जातो.

हातमोज्याचा फुगा करून देण्याची सवय सोडावी. फुटलेल्या रबराचा तुकडा घशात अडकू शकतो. तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी घरून आला, तर त्याचे मणी, घुंगरू आणि चाकांचे खिळे तपासून, तो पुसून मगच द्यावा. तीन वर्षांखालील मुलाला सुटे भाग असलेले काहीही देऊ नये. कापडी खेळणी दोन मुलांत फिरवू नयेत, आणि ऑक्सिजन चालू असताना ठिणगी उडवणारी खेळणी जवळ ठेवू नयेत.

मूल अजिबात खेळत नसेल तर आग्रह करू नये. शेजारी बसून आपणच ठोकळे रचावेत, आईच्या हाती खेळणे द्यावे आणि वाट पाहावी. काय खेळले, किती वेळ खेळले याची नोंद फाइलमध्ये करावी, कारण काल रमलेल्या मुलाने आज खेळणे बाजूला सारले असेल तर त्याचे तापमान, श्वासाची गती आणि वेदना लगेच तपासायला हव्यात.