जर्मनीत घर घेताय? सहीआधीच्या आणि चावी मिळाल्यानंतरच्या या चुका टाळा

जर्मनीत परदेशी माणसाने घर घेण्यावर कायद्याने बंदी नाही. ब्लू कार्डवर, म्हणजे कुशल नोकरदारांसाठीच्या परवान्यावर, असलात तरी घेता येतं. त्यामुळे ‘आपल्याला घेता येईल का’ हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात सुटतो आणि मग घाई सुरू होते. मला पोटतिडकीने बोलायचंय ते या घाईबद्दल. आपल्याकडे टोकन, ॲग्रीमेंट, रजिस्ट्रेशन असे टप्पे असतात आणि मधे कुठेतरी माघार घ्यायला वाव असतो. इथे सगळं एका बैठकीत पक्कं होतं, ती म्हणजे नोटारपुढची, म्हणजे दस्त पक्का करणाऱ्या कायदेशीर अधिकाऱ्यापुढची सही. त्या क्षणापर्यंत तुम्ही कधीही उठून जाऊ शकता. त्यानंतर करार रद्द करण्याची मुदत वगैरे काही नसते, आणि बँकेने मागाहून कर्ज नाकारलं तरी किंमत तुम्हालाच द्यायची असते. म्हणून बँकेचा लेखी होकार हातात आल्याशिवाय नोटारची तारीख घेऊ नका. ‘होऊन जाईल’ असं सल्लागाराने फोनवर सांगितलं, एवढ्यावर तर मुळीच नको.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट असू द्या. घर घेतल्याने राहण्याचा परवाना मिळत नाही, वाढतही नाही. परवाना नोकरीवर चालतो, घरावर नाही.

जाहिरातीतली किंमत म्हणजेच खर्च समजणं

समजा फ्लॅट 4,00,000 युरोंचा आहे. त्यावर राज्य सरकारचा खरेदी कर लागतो आणि तो राज्यागणिक वेगळा असतो. बायर्नमध्ये 3.5 टक्के, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 5, हेसेन आणि बर्लिनमध्ये 6, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेनमध्ये 6.5. म्हणजे हाच फ्लॅट म्युनिकच्या परिसरात असला तर कर 14,000 युरो आणि ड्युसेलडॉर्फला असला तर 26,000. त्यावर नोटार आणि जमीन-नोंदवहीचे मिळून साधारण दोन टक्के. एजंट असेल तर त्याचं कमिशन बऱ्याच भागांत खरेदीदाराच्या बाजूने 3.57 टक्के. ड्युसेलडॉर्फच्या फ्लॅटवर हे सगळं मिळून 48,000 युरोंच्या पुढे जातं. बँका हा वरखर्च सहसा कर्जात धरत नाहीत, तो स्वतःच्या शिलकीतून द्यायचा असतो.

एजंटबद्दल दोन गोष्टी लक्षात ठेवा. 23 डिसेंबर 2020 पासून फ्लॅट आणि एका कुटुंबाच्या घरासाठी नियम असा आहे, की विकणाऱ्याने एजंट नेमला असेल तर निम्म्याहून जास्त कमिशन तुमच्यावर टाकता येत नाही. आणि ‘घर राखून ठेवतो, एवढी रक्कम भरा, ती परत मिळणार नाही’ असं छापील अटींच्या आधारे कोणी मागत असेल, तर तशी अट जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एप्रिल 2023 मध्ये अवैध ठरवली आहे. नम्रपणे नकार द्या.

घरून आलेल्या पैशाचा हिशेब न ठेवणं

आपल्यात घर एकटं कोणी घेत नाही. बाबा थोडे देतात, सासरे थोडे देतात, मोठा भाऊ ‘मी आहे ना’ म्हणतो. ही माया मोलाची आहे, पण जर्मन कर खातं तिच्याकडे बक्षीस म्हणून बघतं. आई आणि वडील यांच्याकडून प्रत्येकी 4,00,000 युरो दहा वर्षांत करमुक्त घेता येतात. भावाकडून, काकांकडून किंवा सासऱ्यांकडून मात्र फक्त 20,000. म्हणून सासऱ्यांना मदत करायची असेल तर ती त्यांनी जावयाच्या खात्यात न पाठवता मुलीच्या खात्यात, तिच्या वाट्याच्या भांडवलासाठी पाठवावी. अशी रक्कम मिळाल्याचं कर खात्याला तीन महिन्यांच्या आत कळवायचं असतं. कर लागणार असो वा नसो, चिठ्ठी टाकून मोकळं व्हा.

भारताच्या बाजूने बघायचं तर तिथे राहणाऱ्या व्यक्तीला आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. तुमच्या स्वतःच्या एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयाचं भारतातलं खातं) वर्षाला दहा लाख डॉलरची मर्यादा आहे. पुण्यातला फ्लॅट विकून इथे भांडवल उभं करणार असाल तर अनिवासी विक्रेता म्हणून टीडीएस नफ्यावर न कापता पूर्ण रकमेवर कापला जातो. कमी कपातीचं प्रमाणपत्र विक्रीच्या कितीतरी आधी मागायला लागतं. रोख रक्कम आणि सोनं हे दोन मार्ग तर डोक्यातून काढूनच टाका. एप्रिल 2023 पासून जर्मनीत घराची किंमत रोख, सोनं किंवा क्रिप्टोत देता येत नाही. दागिने मोडून भांडवल करणार असाल तर विक्रीची पावती, बँकेची नोंद, पाठवल्याचा कागद असं सगळं एका फाइलीत ठेवा. बँक ‘पैसा आला कुठून’ हे विचारणारच.

नोटार आपला वकील आहे असं धरून चालणं

नोटार दोन्ही बाजूंसाठी समान असतो. तो करार कायद्यात बसवतो आणि पूर्ण मसुदा मोठ्याने वाचून दाखवतो. किंमत रास्त आहे का, तळघरात ओल आहे का, हे बघणं त्याचं काम नाही. तुमची जर्मन कच्ची असेल तर मान डोलावून बसू नका. भाषा पुरेशी येत नाही असं आधीच कळवलं तर दुभाष्याची सोय करावी लागते. त्याचा खर्च होतो, पण तो वाचवण्यासारखा नाही. मसुदा सहीच्या साधारण दोन आठवडे आधी तुमच्या हातात यायला हवा. विकणारा व्यावसायिक असेल तर हा तुमचा हक्क आहे, खासगी माणूस असेल तरी तेवढा वेळ मागून घ्या. त्या दोन आठवड्यांत प्रत्येक कलम कोणाकडून तरी समजून घ्या.

जुन्या घराच्या करारात ‘आहे त्या स्थितीत’ अशा अर्थाचं कलम हमखास असतं. विकणाऱ्याने दोष मुद्दाम लपवला हे सिद्ध झालं तरच पुढे काही करता येतं, नाहीतर गळती तुमची. सहीआधी स्वतंत्र बांधकाम तज्ज्ञाला काहीशे युरो देऊन घर दाखवा.

आणि पैसे? नोंदवहीत तुमच्या नावाची आगाऊ नोंद झाल्यावर नोटार लेखी कळवतो की आता रक्कम देय आहे. ते पत्र येण्याआधी विकणाऱ्याला एक सेंटही पाठवू नका, तो कितीही सज्जन असला तरी. ईमेलने आलेला खाते क्रमांक नोटारच्या कार्यालयात फोन करून पडताळा.

इमारतीचे कागद न वाचणं

मला सगळ्यात महागडी वाटते ती ही चूक. फ्लॅट बघताना आपण खिडकीतला उजेड बघतो, वास्तू बघतो, शाळा किती लांब ते बघतो. (वास्तू बघायची असेल तर जरूर बघा, पण पहिल्याच भेटीत. दिशा पटली नाही म्हणून सहीच्या आदल्या दिवशी घर सोडणारी कुटुंबं सगळ्यांचाच मनस्ताप वाढवतात.) इमारतीची प्रकृती मात्र कागदांत असते. गेल्या तीन वर्षांच्या मालक-सभांची इतिवृत्तं मागा, वार्षिक अंदाजपत्रक मागा, दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे ते विचारा, कोणता भाग कोणाचा हे सांगणारा वाटणीचा मूळ दस्त वाचा. इतिवृत्तात ‘छताबाबत पुढील सभेत निर्णय’ असं वाक्य तीन वर्षं सतत येत असेल, तर तो निर्णय तुमच्या पैशाने होणार आहे. निधी अपुरा पडला की जादा वर्गणी काढतात आणि वसुलीच्या तारखेला जो मालक असेल त्याने ती भरायची असते, ठराव आधीच्या मालकाच्या काळातला असला तरी. ती कोण भरणार हे खरेदी करारात लिहून घ्या.

दुसरं म्हणजे, फ्लॅट तुमचा असला तरी खिडक्या, बाहेरचं दार आणि बाल्कनीचा बाहेरचा भाग सगळ्यांचा असतो. मुंबईच्या सवयीने बाल्कनी बंद करणं, ग्रिल बसवणं, एसीचं बाहेरचं युनिट टांगणं सभेच्या मंजुरीशिवाय होत नाही. आधी बसवून मग विचारलं, तर स्वखर्चाने काढायला लावतात. असं झालंच असेल तर भांडत बसू नका. व्यवस्थापकाला लिहून पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर तुमचा अर्ज घ्यायला सांगा आणि आवाज, रंग, बसवण्याची जागा यांचे तपशील जोडा.

फ्लॅटमध्ये भाडेकरू असेल तर तो विक्रीने निघत नाही, भाडेकरार तुमच्याकडे येतो. स्वतः राहायचं म्हणून नोटीस देता येते, पण मुदत तीन ते नऊ महिने असते, आणि भाडेकरू राहत असतानाच तो फ्लॅट इमारतीतून वेगळा काढून विकलेला असेल तर आधी काही वर्षं थांबावं लागतं. स्वस्त मिळतोय यामागचं कारण बऱ्याचदा हेच.

रिकाम्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर

इथे घर रिकामं मिळतं म्हणजे खरोखर रिकामं. ओटा नाही, सिंक नाही, छतातून लोंबणाऱ्या नुसत्या वायरी. विकणाऱ्याचं किचन चांगलं असेल तर ते मागून बघा आणि वस्तूंची यादी व किंमत नोटारच्या करारातच वेगळी लिहून घ्या. रास्त किमतीने वेगळं दाखवलेल्या या वस्तूंवर खरेदी कर लागत नाही.

नवीन करायचं असेल तर क्रम चुकवू नका. आधी वायरिंग आणि पाण्याच्या लाइनी, मग गिलावा, मग फरशी, आणि मग किचनवाल्याने स्वतः येऊन घेतलेली मापं. ऑर्डरनंतर कित्येक आठवडे जातात. दुकानात बसून केलेली ऑर्डर मागे घेता येत नाही, त्यामुळे ‘आजच सही केलीत तर निम्मी किंमत’ ऐकू आलं की आराखडा हातात घेऊन घरी या. शेगडीची तीन-फेज जोडणी इलेक्ट्रिशियननेच करायची असते. इंडक्शन घेणार असाल तर ॲल्युमिनियमचा कुकर आणि तवा चालणार नाहीत. लोहचुंबक तळाला चिकटतं का, हे भारतातून भांडी आणण्याआधी बघा.

आपल्या स्वयंपाकासाठी खरा प्रश्न धुराचा आहे. बहुतेक फ्लॅटमध्ये चिमणीची हवा बाहेर जात नाही, कोळशाच्या फिल्टरमधून घरातच परत येते. रोज फोडणी आणि तळण असेल तर तो फिल्टर दर काही महिन्यांनी बदला, नाहीतर वास सोफ्यात मुरतो. हवा बाहेर सोडायला भिंतीला भोक पाडायचं असेल तर पुन्हा सभेची परवानगी.

हिवाळ्यात कोपऱ्यात काळी बुरशी दिसली की आधी घरातली दमटपणाची पातळी मोजा. ती 40 ते 60 टक्क्यांत हवी. खिडकी दिवसभर तिरपी ठेवून उपयोग नाही. दिवसातून दोन-तीनदा सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटं सताड उघडा. बाहेरच्या भिंतीला टेकून छतापर्यंत कपाट करू नका, मागे पाच-दहा सेंटीमीटर मोकळे सोडा. तरीही बुरशी परत आली तर रंग मारून झाकू नका, कारण दोष भिंतीत असू शकतो आणि भिंत सगळ्यांची आहे.

जर्मनीत ॲस्बेस्टॉसवर बंदी आली 1993 मध्ये. त्याआधीच्या घरात जुनी फरशी उखडताना, त्याखालचा काळा गोंद घासताना आधी नमुना तपासून घ्या. मुलं असलेल्या घरात तर याला पर्याय नाही.

बिलाशिवाय रोख देऊन काम स्वस्तात करून घेण्याचा मोह टाळा. अशा कामात दोष निघाला तर हमीचा दावा करता येत नाही, हे न्यायालयाने 2013 मध्येच स्पष्ट केलंय. उलट बिल घेऊन बँकेतून पैसे दिले तर राहत्या घरातल्या कारागिरांच्या मजुरीपैकी 20 टक्के, वर्षाला 1,200 युरोपर्यंत, करातून थेट वजा होतात.

गृहप्रवेशाला होम करणार असाल तर झोपायच्या खोल्यांत आणि बाहेर पडायच्या मार्गात धूर-सूचक बसवणं सगळ्या राज्यांत बंधनकारक आहे, हे लक्षात ठेवा. विधीपुरते ते काढले तर संध्याकाळी परत लावा. आणि चावी घ्यायच्या दिवशी विकणाऱ्यासोबत वीज, पाणी, हीटरच्या मीटरचे आकडे लिहून दोघांच्या सह्या घ्या, फोटो काढा, आणि इमारतीचा विमा कोणाच्या नावावर चालू आहे ते व्यवस्थापकाकडून लेखी घ्या. पत्ता बदलल्याची नोंद दोन आठवड्यांत करायची असते, तिची वेळ आजच ऑनलाइन घेऊन ठेवा.