स्वतःचा वेब फीड रीडर: फेचरपासून मराठी शोधापर्यंत

फीड म्हणजे साइटने आपल्या नव्या लेखांची संगणकाला वाचता येईल अशी ठेवलेली यादी, आणि अनेक साइटींची फीडं एका जागी दाखवतो तो फीड रीडर. तो करायला घेतला की बहुतेकांचा वेळ आधी स्क्रीनच्या रंगरंगोटीत जातो. ते काम शेवटी केलं तरी चालतं. रीडर टिकणार की नाही हे ठरतं फेचरवर, म्हणजे ठरावीक वेळाने साइटींवर जाऊन नवे लेख घेऊन येणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमवर. सुरुवात तिथूनच करा.

सामान थोडं लागतं: पायथन, फीड वाचून देणारी फीडपार्सर लायब्ररी, एसक्यूलाइट (एका फाइलीत मावणारा डेटाबेस) आणि १ जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर. घरच्या जुन्या पीसीवर चाचणी खुशाल करा, पण तो पत्ता लोकांना देऊ नका. बीड-परभणीकडे उन्हाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नाही. इन्व्हर्टर पीसी धरून ठेवेल, राउटरच्या पलीकडचं नेट धरणार नाही.

डेटाबेसमध्ये टेबलं पाच पुरतात: फीड, लेख, सभासद, कोणी कोणतं फीड लावलं, आणि कोणी काय वाचलं. एकच फीड शंभर जणांनी लावलं तरी ते एकदाच आणायचं. नोंद वाचलेल्या लेखांचीच ठेवा. ‘न वाचलेले’ लिहीत बसलात तर एका नव्या लेखामागे शंभर ओळी वाढतात.

क्रॉनने (ठरल्या वेळी प्रोग्रॅम चालवणारी सर्व्हरवरची सोय) फेचर दर ५ मिनिटांनी उठवा, पण ज्यांची वेळ झाली तीच फीडं त्याने आणावीत. नव्या फीडला १ तासाचं अंतर द्या; बरेच दिवस काही आलं नाही तर ते वाढवत २४ तासांपर्यंत न्या. प्रत्येक वेळेत दोन-चार मिनिटं इकडेतिकडे करा, म्हणजे ठोक्याला सगळी झुंबड उडत नाही. साइटच्या उत्तरासोबत आलेले ईटॅग (त्या आवृत्तीची खूण) आणि लास्ट-मॉडिफाइड (शेवटच्या बदलाची वेळ) जसेच्या तसे साठवा आणि पुढच्या खेपेला इफ-नन-मॅच व इफ-मॉडिफाइड-सिन्स या हेडरांमधून परत पाठवा. बदल नसेल तर ३०४ हा उत्तराचा कोड येतो, मजकूर येतच नाही. ईटॅगभोवतीची अवतरणचिन्हं काढून टाकली की जुळणी फसते आणि दर वेळी अख्खं फीड येतं. ३०१ (कायमचं स्थलांतर) आला तर साठवलेला पत्ता बदला, ३०२ला (तात्पुरतं) बदलू नका. ४१० म्हणजे कायमचं बंद. ४२९ (फार वेळा मागितलं) आला तर रिट्राय-आफ्टरमध्ये सांगितलंय तितकं थांबा. हट्ट केलात तर ती साइट तुम्हाला बंदी घालेल आणि तिचं बरोबरच असेल. प्रत्येक फीड आणायला २० सेकंदांची मुदत आणि ५ एमबीची मर्यादा हवीच.

लेखाची ओळख फीडचा क्रमांक आणि जीयूआयडी (फीडने लेखाला दिलेली ओळखखूण) मिळून ठरवा. जीयूआयडी नसेल तर लिंक, तीही नसेल तर शीर्षक आणि मजकुराचा हॅश (त्यांवरून काढलेला छोटा ठसा). साइट एचटीटीपीवरून एचटीटीपीएसवर गेली की कधीकधी सगळे जीयूआयडी बदलतात आणि जुने लेख नव्याने येऊन पडतात. जुन्या फीडमधले सगळेच लेख एकदम ‘नवे’ दिसले तर आधी शीर्षक आणि तारीख ताडून पाहा. तारखांचाही घोळ असतो. +०५३० ऐवजी नुसतं ‘आयएसटी’ लिहिलेली वेळ पार्सरने यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) धरली, तर लेख साडेपाच तास पुढचा होऊन यादीच्या डोक्यावर बसतो. भविष्यातली वेळ दिसली की लेख आणल्याची वेळच लावा.

मराठी रीडरची खरी परीक्षा शोधात होते. एसक्यूलाइटच्या एफटीएस५ या शोधसोयीतला युनिकोड६१ टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) काना, मात्रा, वेलांटी हे शब्दाचे भाग मानतच नाही, तिथे शब्द तोडतो. ‘पीक’चे तुकडे ‘प’ आणि ‘क’ होतात, ‘पैकी’चेही तेच. मग पिकाच्या बातम्या शोधणाऱ्यापुढे ‘पैकी’ असलेला प्रत्येक लेख येतो. उपाय सोपा आहे: टेबल तयार करतानाच कॅटेगरीज पर्यायात मूळच्या एल*, एन*, सीओ यांच्या जोडीला एमएन आणि एमसी हे युनिकोडचे चिन्हगट (काना, मात्रा, वेलांटी यांतच येतात) द्या.

एवढ्याने भागत नाही. ‘दुसऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतो: कुणी नुक्ता असलेला ऱ वापरतं, कुणी र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं, न दिसणारं चिन्ह). डोळ्याला दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे, आणि युनिकोडच्या एनएफसी या मजकूर एकसारखा करण्याच्या पद्धतीनेही ते एक होत नाहीत. इंडेक्ससाठी (शोधाच्या सूचीसाठी) मजकुराची वेगळी प्रत करा. तिच्यात दुसरा प्रकार पहिल्यात बदला, उरलेले झेडडब्ल्यूजे काढा, दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करा. ‘पीक’ तिथे ‘पिक’ झाला की शेवटी तारा (*) लावून ‘पिकाला’, ‘पिकांचे’ सापडतात. ‘लातूर’ला ‘लातुरात’ही सापडतं. शोधायला टाकलेल्या शब्दावरही हेच संस्कार करायचे; वाचकाला मात्र मूळ मजकूरच दाखवा.

फीडमधलं एचटीएमएल जसंच्या तसं छापू नका, परवानगीच्या टॅगांची यादी ठेवून बाकी सगळं गाळा. कुणी फीडच्या पत्त्याच्या जागी १२७.०.०.१ (म्हणजे सर्व्हर स्वतः) किंवा १९२.१६८ने सुरू होणारा (आतल्या नेटवर्कचा) पत्ता टाकला तर फेचर तुमच्याच घरात शिरेल. आयपी तपासा, आणि प्रत्येक रीडायरेक्टनंतर (साइटने दुसऱ्या पत्त्याकडे वळवल्यावर) पुन्हा तपासा.

पहिले सभासद ओळखीचे, दहा-पंधराच घ्या: लातूरचा क्लासवाला, अंबाजोगाईची शिक्षिका, तालुक्याला सिग्नलसाठी गच्चीवर जाणारा एखादा. त्या शेवटच्यासाठी चित्रं टिचकी मारल्यावरच उघडा. ओपीएमएल (फीडांच्या यादीची फाइल) आयात-निर्यात पहिल्या दिवसापासून हवी. गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद झाला तेव्हा लोकांच्या याद्या याच फाइलींतून दुसरीकडे गेल्या. आणि बॅकअपला चालू डेटाबेसची फाइल नुसती कॉपी करू नका. वाल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहिण्याची एसक्यूलाइटची पद्धत) ताज्या नोंदी शेजारच्या फाइलीत असतात, त्या राहून जातात. एसक्यूलाइटची बॅकअप आज्ञा वापरा, आणि ती प्रत दुसऱ्या मशिनवर उघडून पाहिल्याशिवाय रीडरचा पत्ता ग्रुपवर टाकू नका.